बालवाडीची ताई घडते कुठे?

(मुरगूड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)





तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ज्या ताई सांभाळतात आणि शिकवतात, त्यांच्या तयारीबद्दल मला बोलायचं आहे. त्यातही एकाच भागाबद्दल. वर्ग स्वतःच्या हातात येण्याआधी ही ताई प्रत्यक्ष मुलांमध्ये किती दिवस राहते, कुणाच्या हाताखाली राहते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात राहते? माझ्या नोकरीची सगळी वर्षं अशा मुलींना शिकवण्यात आणि त्यांच्या मागे बालवाड्या-अंगणवाड्यांतून फिरण्यात गेली. त्यातून माझं जे मत झालं, ते सुरुवातीलाच सांगून टाकते. हा सराव जूनमध्ये सुरू झाला पाहिजे. तो एकाच वर्गात, त्याच मुलांबरोबर, सलग झाला पाहिजे. आणि ज्या अनुभवी ताईच्या हाताखाली तो होतो, तिला त्याचा मान आणि मोबदला दोन्ही मिळाले पाहिजेत.

इथे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात उभं राहून शिक्षणावर बोलायचं म्हटलं की शाहू महाराजांचं नाव आधी ओठावर येतं. महाराज मूळचे कागलकर घाटग्यांच्या घरातले. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. स्वतंत्र भारताला अशी सक्ती देशभराच्या कायद्यात आणायला २००९ साल उजाडलं. आणि तीही सहाव्या वर्षापासून पुढे. सहा वर्षांखालच्या मुलाचं काय? २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ सांगतो की, राज्य त्यांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा प्रयत्न करील. शिक्षणहक्क कायद्याचं अकरावं कलमही असंच मोघम आहे. शासन व्यवस्था करू शकेल, एवढंच ते म्हणतं. म्हणजे सहाव्या वर्षी मुलाला हक्क मिळतो, आणि त्याआधी मिळतो तो प्रयत्न.

या ढिलाईचा पहिला फटका बसतो तो शिक्षिकेच्या तयारीला. पहिलीला शिकवायचं असेल तर पदविका लागते, पात्रता परीक्षा लागते. पण बंगल्याच्या हॉलमध्ये रंगीत खुर्च्या मांडून नर्सरी काढली, तर तिथे बारावी झालेली, थोडंफार इंग्रजी बोलणारी मुलगी सोमवारपासून 'मिस' होते. ती मुलगी वाईट नसते. बऱ्याचदा हौशी असते, प्रेमळ असते. पण वीस लहान मुलं एका खोलीत असताना काय काय होतं, हे तिनं कधी कुणाच्या शेजारी बसून पाहिलेलंच नसतं. मग तिला स्वतःच्या शाळेतलं जे आठवतं ते ती करते. रांगेत बसवते, तोंडावर बोट ठेवायला लावते, पाटीवर एबीसीडी गिरवून घेते.

आपल्या भागात हे असंच चालायचं, असं मात्र म्हणता येणार नाही. बालशिक्षणाची आणि ताई घडवण्याची फार मोठी परंपरा मराठी बायकांनी उभी केली आहे. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होत्या. १८९२ सालचा जन्म. त्या काळात एका बाईनं मिळवलेलं केवढं मोठं पद! ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि लहान मुलांच्या घोळक्यात जमिनीवर बसल्या. प्रशिक्षण महाविद्यालयाची प्राचार्य स्वतः पुन्हा शिकायला बालमंदिरात जाते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षकांना कसं शिकवायचं हे त्यांना येत होतं. मूल कसं शिकतं, हे पाहायला त्यांना मुलांतच जावं लागलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे 'शिक्षणपत्रिका' निघाली, १९३६ साली दादरला शिशुविहार उभं राहिलं. आणि १९४५ साली ताराबाई सगळा शहरी बाडबिस्तारा मागे ठेवून बोर्डीला गेल्या.

बोर्डीला त्यांना साथ मिळाली अनुताई वाघांची. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या. बोरिवलीला ग्रामसेविकांचं एक शिबिर होतं, तिथे ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली. शिकवण्याचा अनुभव पदरी असलेल्या अनुताईंना बोर्डीत सगळं नव्यानं शिकावं लागलं. सकाळी घरोघर फिरून मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, आणि मग गाणी-गोष्टी. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. १९५७ नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर निघालं. बालसेविका घडवण्याचं कामही याच ठिकाणी चालायचं. खिडकीतून मुलं दिसत नाहीत अशा इमारतीत बसून बालशिक्षणाचे तास घ्यायचे, हे त्या दोघींना सुचलंही नसतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण अंगणवाडी गावोगाव पोचली, तशी तिच्यामागची शिकवण्याची रीत पोचली नाही. अंगणात मुलांबरोबर बसून ताई घडवायची ती रीत वाटेत कुठेतरी गळली.

आज सराव कसा होतो ते सांगते. एका कुठल्या संस्थेबद्दल हे बोलत नाही, सगळीकडचं सर्वसाधारण चित्र हेच आहे. प्रवेशाचा घोळ ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो. मग पुस्तकी विषय उरकले जातात. दिवाळी झाली की मुलींना बालवाडीत पाठवतात. एकेका वर्गात चार-पाच जणी. प्रत्येकीचा वीस मिनिटांचा पाठ, त्याचं टाचण, त्याचे तक्ते. रात्रभर जागून थर्मोकोलचं झाड केलेलं असतं. पाठ होतो, निरीक्षक बाई शेरा मारतात, 'आवाज स्पष्ट, साधनांचा वापर चांगला'. ठरलेले पाठ भरले की पुढच्या आठवड्यात दुसरी बालवाडी.

ही पद्धत आपण डीएड-बीएडकडून जशीच्या तशी उचलली. तिथे तास असतो, विषय असतो, म्हणून पाठ असतो. बालवाडीत तास कुठे आहे? बालवाडीतलं खरं काम पाठाच्या आधी आणि नंतर असतं. मूल दारात येतं तेव्हा. त्याची शू होते तेव्हा. एकच तांबडा ठोकळा दोघांना हवा असतो तेव्हा. खाऊच्या वेळी एकाच्या डब्यात काहीच नसतं तेव्हा. आणि सुटायची वेळ झाली, बाकीच्यांचे पालक आले, पण एकीची आजी अजून आली नाही, तेव्हा. या जागांवर वीस मिनिटांचा पाठ पोचतच नाही.

शिवाय दिवाळीनंतर बालवाडी रुळलेली असते. रडणारी मुलं रडायची थांबलेली असतात, गाणी पाठ झालेली असतात, ताईच्या एका हाकेवर गोल तयार होतो. ती घडी ताईनं जून-जुलैत मोडून-जोडून बसवलेली असते. सरावाला आलेली मुलगी ती तयार घडी पाहते आणि समजते की मुलं अशीच असतात. पुढच्या जूनमध्ये तिची स्वतःची नोकरी सुरू होते. पहिल्याच सकाळी अठरा मुलं एकदम भोकाड पसरतात. तिच्या वहीत या सकाळीबद्दल एक ओळही नसते.

म्हणून जून. एका सकाळची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

बालवाडी उघडून दोन-तीन दिवस झाले होते. बाहेर पावसाची झड. एक मुलगा, तीन वर्षं नुकतीच पुरी झालेली, दाराजवळच्या खिडकीचा गज धरून उभा. अंगात पिवळा रेनकोट, टोपीसकट. रडून रडून आवाज बसला होता, पण गज सोडायला तयार नाही. सरावाला आलेली मुलगी हौसेनं पुढे झाली. "चला, रेनकोट काढूया बरं का," म्हणाली. तो मागे सरकला. तिनं खेळण्यातली मोटार दाखवली. त्यानं पाहिलीसुद्धा नाही. मग तिनं त्याला उचललं आणि बटणाला हात घातला. तो तिच्या मनगटाला कडकडून चावला.

वर्गाची ताई काही बोलली नाही. तिनं एका ताटात चिंचोके घेतले, दोन वाट्या घेतल्या आणि त्या मुलापासून चार हात अंतरावर भिंतीला टेकून बसली. मुलाकडे पाठ नाही, तोंडही नाही. चिंचोके वाटीत टाकू लागली. टप्, टप्. दोन मुली येऊन तिला चिकटल्या आणि त्याही टाकू लागल्या. बऱ्याच वेळानं रेनकोट घातलेला तो मुलगा गज सोडून आला, उभ्या-उभ्या एक चिंचोका उचलून त्यानं वाटीत टाकला आणि पुन्हा गजापाशी गेला. मग परत आला. खाऊच्या वेळेला तो खाली बसला होता. रेनकोट मात्र घरी जाईपर्यंत अंगातच होता.

मुलं गेल्यावर त्या दोघी आणि मी बसलो. मुलीच्या मनगटावर दातांचे वळ दिसत होते. तिनं ताईला विचारलं, "तुम्ही रेनकोट का नाही काढलात? आत तर पाऊस नव्हता." ताई म्हणाली, "अगं, त्याच्या आईनं घातलाय तो. आई येईपर्यंत त्याला तो लागतोय. काढंल त्याचा तो." चौथ्या दिवशी त्यानं तो आपणहून काढला आणि खुंटीवर टांगायला ताईकडे दिला.

त्या मुलीनं पहिल्या दिवशी नोंदवहीत लिहिलं होतं, 'एक मूल हट्टी आहे.' मी तिला ते खोडायला लावलं नाही. त्याच्याखाली फक्त पाहिलेलं लिही, एवढंच सांगितलं. किती वाजता, कुठे उभा होता, हात कुठे होते, नजर कुठे होती, तू काय केलंस, त्यानंतर त्यानं काय केलं. तिला ते फार जड गेलं. निवाडा लिहिणं सोपं असतं, पाहिलेलं लिहिणं अवघड. जुलैअखेर तिच्या नोंदी पान-पान भरून येऊ लागल्या आणि त्यांत 'हट्टी', 'हुशार', 'मंद' हे शब्द दिसेनासे झाले. बालमानसशास्त्राच्या तासाला वियोगाची भीती हा मुद्दा मी स्वतः शिकवला होता. परीक्षेत तिला त्यावर चांगले गुणही पडले असते. पण तो मुद्दा तिला कळला तो रेनकोटापाशी.

आता कुणी म्हणेल, हे त्या ताईचं उपजत शहाणपण आहे, ते शिकवता येत नाही. मला हे अजिबात मान्य नाही. आपल्या भागात गुऱ्हाळं आहेत. काहिलीतला पाक उतरवायची नेमकी वेळ गुळव्याला कळते. थोडा पाक गार पाण्यात टाकून तो बोटानं गोळी वळून पाहतो आणि सांगतो. हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं, पण शिकवलेलं असतंच. तो मोठ्या गुळव्याच्या शेजारी काही हंगाम उभा राहिलेला असतो, त्यानं गोळी वळली की यानंही वळून पाहिलेली असते, चुकली तर बोलणी खाल्लेली असतात. ताईचं शहाणपणही असंच येतं. फक्त त्यासाठी शेजारी उभं राहायला मिळालं पाहिजे, तेही हंगामभर.

म्हणून सलग सराव हवा म्हणते. पहिले काही आठवडे नुसतं पाहायचं, नोंदी करायच्या, मुलांची नावं आणि त्यांची घरची माणसं ओळखायची. मग एक कोपरा हातात घ्यायचा, मण्यांचा किंवा ठोकळ्यांचा. मग पाच-सहा मुलांचा एक गट. मग पूर्ण सकाळ. आणि शेवटी एक अख्खा आठवडा वर्ग तिचा, ताई मागे बसलेली. चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच मुलांसमोर पुन्हा उभं राहायचं. दर आठवड्याला बालवाडी बदलली की चूक सुधारायची संधीच मिळत नाही, कारण ती मुलं पुन्हा भेटत नाहीत.

आणि एका वर्गात एकच प्रशिक्षणार्थी. याबद्दल मी फार आग्रही आहे. मुलं सरावासाठी जन्माला आलेली नाहीत. तीन वर्षांच्या मुलासमोर आठवड्याला पाच नवे चेहरे आणायचे, त्याचा लळा लागू द्यायचा आणि मग निघून जायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे. जी येईल ती निदान दिवाळीपर्यंत राहावी, आणि जाताना मुलांना सांगून जावं.

या सगळ्यात भाषेचीही एक गोष्ट असते. आपल्याकडे घरातल्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. साडेतीन-चार वर्षांची मुलगी दारातून ओरडत येते, "बाई, मी आलो!" सरावाची मुलगी लगेच दुरुस्त करते, "आलो नाही, आले म्हण." मुलगी गप्प बसते, ती सकाळभर. अशा वेळी शेजारी ताई असेल तर ती सांगते, "तिला आधी येऊ दे. तिची आजी, आई सगळ्या असंच म्हणतात." ऊसतोडीच्या हंगामात बिद्री, हमीदवाडा परिसरात बीडकडची कुटुंबं येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यांतली मुलं अंगणवाडीत आली तर त्यांची बोली वेगळी, सवयी वेगळ्या, आणि मार्च-एप्रिलमध्ये ती निघूनही जाणार. सीमेलगतच्या घरांतून कानडी बोलणारं मूलही येतं. मुरगूडच्या परिसरातल्या ताईला हे सगळं पेलावं लागतं. पुण्या-मुंबईत छापलेल्या हस्तपुस्तिकेत ते सापडायचं नाही. इथल्याच वर्गात, इथल्याच ताईकडून ते शिकावं लागतं.

आता धोरणाकडे वळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ही फार चांगली गोष्ट झाली. पहिल्यांदाच बालवाडी शिक्षणाच्या मुख्य आकृतीत आली. पण अंगणवाडी सेविकांच्या तयारीसाठी धोरण काय म्हणतं? बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. आणि हे सगळं दूरस्थ पद्धतीनं, डीटीएच वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून, म्हणजे त्यांच्या कामात खंड पडायला नको. महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग समूह साधन केंद्रात. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम आला, त्यात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण. मी या उपक्रमाच्या विरोधात नाही. काहीच नव्हतं तिथे काहीतरी आलं. पण मोबाइलच्या पडद्यावर तीन वर्षांचं मूल चावत नाही. आणि तीन दिवसांत अभ्यासक्रमाची ओळख होते, मुलांची होत नाही.

या सेविका तशाही कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या असतात. वजन-उंची घ्यायची, घरपोच आहार वाटायचा, गृहभेटी द्यायच्या, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी भरायच्या. नेटवर्क नसलं तर मोबाइल घेऊन गच्चीवर जायचं. अशा ठिकाणी सरावाला मुलगी आली की तिच्या हातात पहिल्यांदा रजिस्टर येतं. सेविकेचा यात दोष नाही, कुणीही तेच करेल. पण संस्थेनं आधीच लेखी ठरवून घेतलं पाहिजे की ही मुलगी मुलांबरोबर बसायला आली आहे.

आणि मुख्य प्रश्न मार्गदर्शक ताईचा. संस्थेकडून तिला एक पत्र येतं, 'सदर विद्यार्थिनीस सहकार्य करावे, ही विनंती'. एवढंच. तिला कुणी विचारत नाही की तुला हे जमेल का, तुला यासाठी काही मदत लागेल का. मूल्यमापनात तिचा शब्द नसतो. गुण देतात त्या संस्थेतून अर्ध्या तासासाठी आलेल्या बाई, म्हणजे माझ्यासारख्या. जिनं त्या मुलीला रोज पाहिलं, तिची फक्त हजेरीवर सही. यात उलटापालट झाली पाहिजे. निम्मे गुण त्या ताईच्या हातात द्या. तिला मानधन द्या. वर्षातून दोन-चार दिवस सगळ्या मार्गदर्शक ताईंना एकत्र बसवा आणि त्या काय पाहतात, कशा सांगतात, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. आपल्या जिल्ह्यात बालशिक्षणाचं जे ज्ञान आहे, ते पुस्तकांपेक्षा या बायकांच्या डोक्यात जास्त आहे, आणि त्या निवृत्त झाल्या की ते त्यांच्याबरोबर जातं. मदतनीस ताईंनाही त्यात धरा. कुठलं मूल उपाशी आलं आहे हे पुष्कळदा त्यांनाच आधी कळतं.

जगात हे कुणी केलंच नाही, असंही नाही. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत १९१४ साली मार्गारेट मॅकमिलन आणि त्यांची बहीण रॅचेल यांनी उघड्यावरची बालशाळा काढली आणि शिक्षिका व्हायला आलेल्या मुलींना त्याच बागेत, त्याच मुलांबरोबर तयार केलं. लहान मुलांच्या शिक्षिकेला तीन वर्षांची तयारी हवी, असा मार्गारेटबाईंचा हट्ट होता. १९३० साली बहिणीच्या नावानं त्यांनी कॉलेज उभं केलं. आपल्या अनुताई आणि त्या डेप्टफर्डच्या बाई यांचं मन एकाच दिशेनं चालत होतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि लांब कशाला जायचं? इथून जवळ गारगोटीला १९५२ साली मौनी विद्यापीठ उभं राहिलं. ते उभारणारे डॉ. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. शिक्षण गावाच्या जगण्याशी जोडलेलं हवं, हा विचार त्यांनी दिल्लीत मांडण्याआधी गारगोटीत करून पाहिला होता. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी आयुष्यभर शिक्षक घडवण्याचं काम केलं आणि निवृत्तीनंतर १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षकांना आपण जे सांगत होतो, ते मुलांबरोबर रोज करून दाखवायचं, यासाठी. २०२० साली त्या गेल्या. असा वारसा ज्या जिल्ह्याला आहे, त्या जिल्ह्यात बालवाडीच्या ताईला वीस मिनिटांच्या पाठांवर तयार करणं शोभत नाही, असं मला वाटतं.

एक शंका प्रत्येक ठिकाणी विचारली जाते, म्हणून तिचं उत्तर देते. जूनमध्ये सराव ठेवायचा तर प्रवेश कधी द्यायचे? उत्तर सोपं आहे. प्रवेश एप्रिल-मेमध्ये द्या. किंवा पहिल्या वर्षी पुस्तकी भाग ठेवा आणि दुसऱ्या वर्षाची सुरुवातच बालवाडी उघडण्याच्या दिवसापासून करा. वेळापत्रक माणसांनी केलेलं असतं, ते माणसांना बदलता येतं. तीन वर्षांच्या मुलाचं रडणं आपल्या सोयीसाठी डिसेंबरमध्ये ढकलता येत नाही.

मुरगूडमध्ये शाळा आहेत, महाविद्यालय आहे, अंगणवाड्या आहेत, अनुभवी ताई आहेत आणि शिक्षिका व्हायची इच्छा असलेल्या मुली घरोघर आहेत. नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक करार, संस्था आणि ताई यांच्यातला, आणि थोडे पैसे. संस्थाचालक इथे बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की पुढच्या वर्षी निदान पाच वर्गांत हे करून पाहा. एका वर्गात एक मुलगी, जून ते दिवाळी, मार्गदर्शक ताईला मानधन आणि गुण देण्याचा अधिकार.

पालकांनाही एक सांगते. आपण नर्सरीत गेलो की विचारतो, इंग्रजी कधीपासून, लिहायला कधी शिकवणार? यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. माझ्या मुलाच्या ताईनं स्वतःचा वर्ग घेण्याआधी कुणाच्या हाताखाली आणि किती महिने काम केलं? हा प्रश्न दहा घरांतून आला तरी संस्थांना उत्तर तयार ठेवावं लागेल.

आणि ज्या मुली या कामाला निघाल्या आहेत, त्यांनी सरावाच्या जागी पहिल्या दिवशी तक्ते नेले नाहीत तरी चालेल. एक कोरी वही न्या, जमिनीवर बसता येईल असे कपडे घाला आणि ताईच्या शेजारी जागा मागून घ्या.